ठाण्याचा देशी कुत्रा परदेशी न्यायचा असेल तर

दरवर्षी दिवाळी ते डिसेंबर या टायमात कुणी ना कुणी अमेरिकेहून, लंडनहून ठाण्याला घरी येतं, बिल्डिंगखालच्या एखाद्या कुत्र्यावर जीव बसतो आणि परत गेल्यावर आमच्या फीडर ग्रुपवर, म्हणजे रस्त्यावरच्या कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्यांच्या ग्रुपवर, मेसेज पडतो की ताई, त्याला इकडे आणता येईल का, खर्चाचं आम्ही बघतो. येतं आणता, पण सगळीकडे नाही आणि लगेच तर नाहीच नाही. आणि खर्चावर हे काम कधी अडत नाही हेही आधीच सांगते. पैसे जमतात, कागदही होतात. अडतं ते एकाच ठिकाणी, की मधले चार-पाच महिने तो कुत्रा राहणार कुठे. त्याचं उत्तर नसेल तर बाकी काहीच सुरू करू नका.

उलटं विचारणारेही असतात, म्हणजे तिकडच्या शेल्टरमधला कुत्रा इकडे ठाण्यात आणायचाय. त्याचं थोडक्यात सांगते. आपल्याकडे कुत्र्यांच्या आयातीवर २०१६ पासून कडक बंधनं आहेत. सलग दोन वर्षं बाहेर राहून कायमचे परत येत असाल तर स्वतःचे दोन पाळीव प्राणी सोबत आणता येतात, त्यालाही एक्यूसीएसची म्हणजे केंद्र सरकारच्या ॲनिमल क्वारंटाइनवाल्यांची एनओसी आधी लागते. इथे बसून तिकडचा कुत्रा मागवणं हा प्रकार साध्या माणसाला जमणारा नाही. आणि कशाला हो, इथे घोडबंदर रोडवर प्रत्येक सिग्नलला चार बसलेत.

तर आता देश. सगळ्यात आधी हेच बघायचं, कुत्र्याचं नाव ठरवायच्याही आधी.

कॅनडावाल्यांना वाईट वाटेल पण तिथे दार बंद आहे. २८ सप्टेंबर २०२२ पासून रेबीजचा धोका जास्त असलेल्या देशांतून 'कमर्शियल' कुत्रे आणायला त्यांनी बंदी घातली, त्या यादीत भारत आहे, आणि कमर्शियल म्हणजे फक्त विकायचे नाही तर ॲडॉप्शनचे आणि फॉस्टरचे म्हणजे तात्पुरते सांभाळायला द्यायचेही त्यातच धरतात. स्वतःचा पाळलेला कुत्रा घेऊन कुणी तिकडे राहायला जात असेल ते वेगळं. यावर लोक आयडिया सांगतात की कुणाच्या तरी नावावर 'पेट' दाखवून पाठवून द्या. करू नका. पकडलं तर तिथे कुत्रा अडकतो, माणूस नाही, आणि परत पाठवायचं ठरलं तर तो चोवीस-तीस तासांचा प्रवास त्यानेच परत करायचा.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड विसरा. भारतातून थेट कुत्रा घेतच नाहीत, आधी त्यांना मान्य असलेल्या तिसऱ्या एखाद्या देशात नेऊन महिनोन्महिने ठेवावा लागतो. एवढं करण्यापेक्षा सिडनीच्या शेल्टरमधून एक घ्या आणि इथल्या गल्लीतल्यासाठी नसबंदीचे पैसे पाठवा, दोघांचं भलं होईल.

युके आणि युरोपात जाता येतं पण एक मोठी मेख आहे. तिथे 'पेट' म्हणून यायचं तर कुत्रा मालकासोबत किंवा मालकाच्या प्रवासाच्या पाच दिवस आगेमागे यायला हवा, आणि मालकी बदलायच्या हेतूने येत असेल तर तो पेट राहतच नाही, कमर्शियल इम्पोर्टचे नियम लागतात जे बरेच जड आहेत. म्हणून म्युनिक किंवा लंडनला राहणाऱ्यांना मी सरळ सांगते, तुम्ही स्वतः या, कुत्रा इथेच रीतसर तुमच्या नावावर ॲडॉप्ट करा, सगळे कागद पहिल्यापासून तुमच्या नावाने होऊ देत आणि न्यायला परत तुम्हीच या. दोन वेळा यायला जमत नसेल तर ते नाही म्हणण्याचं पुरेसं कारण आहे. आणखी एक, युकेमध्ये विमानाने येणारा कुत्रा कार्गोनेच यावा लागतो, केबिनमध्ये नाही, लगेज म्हणून नाही. त्यामुळे तिथे 'कुणी येणाऱ्याच्या सोबत पाठवू' हे चालत नाही.

अमेरिका सगळ्यात जास्त विचारली जाते. २०२१ च्या जुलैमध्ये सीडीसीने, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने, आपल्यासारख्या देशांतून येणारे कुत्रे जवळजवळ थांबवलेच होते, मग १ ऑगस्ट २०२४ पासून नवीन नियम आले आणि रस्ता मोकळा झाला, फक्त रस्त्यावर टोलनाके भरपूर. कुत्रा सहा महिन्यांपेक्षा मोठा पाहिजे. चिप पाहिजे, म्हणजे कातडीखाली बसवायची ओळख नंबरची मायक्रोचिप. रेबीजची लस आणि मायक्रोचिपचा सीडीसीचा ठरलेला फॉर्म इथल्या व्हेटने भरायचा आणि त्यावर सरकारी पशुवैद्यकीय अधिकाऱ्याची सही-शिक्का. रक्ताची टायटर टेस्ट, म्हणजे रेबीजच्या अँटिबॉडी पुरेशा आहेत का ते बघणारी, सीडीसीने मान्य केलेल्या लॅबमधून. सीडीसीचा ऑनलाइन डॉग इम्पोर्ट फॉर्म, त्यात कुत्र्याचे ताजे फोटो. आणि उतरायचं कुठेही नाही, त्यांच्याकडे रजिस्टर्ड ॲनिमल केअर फॅसिलिटी म्हणजे प्राणी तपासणी सेंटर ज्या विमानतळावर आहे तिथेच, आधी रिझर्व्हेशन करून. न्यूयॉर्कचं जेएफके, वॉशिंग्टन डलस, अटलांटा, मायामी, लॉस एंजेलिस, फिलाडेल्फिया, एवढीच ठिकाणं. न्यू जर्सीवाल्यांनो, न्यूअर्क यात नाही, म्हणून डायरेक्ट फ्लाइट मिळाली म्हणून खूश होऊ नका, बे एरिया आणि शिकागोवाल्यांचंही तेच. त्या सेंटरमध्ये डॉक्टर तपासतात, रेबीजची लस परत टोचतात आणि मग सोडतात, आणि टायटरचा रिपोर्ट चालण्यासारखा नसेल तर २८ दिवस तिथेच क्वारंटाइन, तुमच्या खर्चाने. बिल डॉलरमध्ये असतं, ऐकूनच घाम फुटतो. शिवाय ॲडॉप्शनसाठी म्हणजे दुसऱ्याच्या हातात द्यायला कुत्रा येत असेल तर अमेरिकेचं शेतीखातं, यूएसडीए, त्याला 'रीसेल' मध्ये धरतं, पैसे घेतले नसले तरी, आणि त्यांचं वेगळं इम्पोर्ट परमिट लागतं. हे परमिट लोक हमखास विसरतात कारण सगळे सीडीसी सीडीसी करत बसलेले असतात.

नियम बदलतात. तिकीट काढायच्या आधी त्या त्या देशाच्या सरकारी साइटवर जाऊन स्वतः वाचा, माझ्यावर नको आणि एजंटवर तर मुळीच नको.

आता क्रम, आणि हे दोनदा वाचा. आधी चिप, मग रेबीजची लस, मग रक्त. चिप आयएसओ स्टँडर्डची, पंधरा आकडी. इथे गंमत अशी होते की कुत्रा नसबंदीच्या वेळी किंवा एखाद्या कॅम्पमध्ये लस घेतलेला असतो, कानाला नसबंदीच्या खुणेचा कट असतो, कार्डही असतं, आणि लोक म्हणतात अहो लस झालीये की. झालीये, पण चिपच्या आधी झालीये म्हणून ती या कामाला धरत नाहीत, कारण तो कागद याच कुत्र्याचा कशावरून? चिप टाकून, स्कॅनरवर नंबर वाचून, तो नंबर सर्टिफिकेटवर लिहून मग परत लस. लसीच्या वेळी कुत्रा निदान बारा आठवड्यांचा पाहिजे. लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त काढायचं आणि त्यात अँटिबॉडीचा आकडा मिलिलिटरला ०.५ आययू किंवा त्याच्या वर यायला हवा.

समजा १ फेब्रुवारीला चिप आणि लस झाली. लवकरात लवकर ३ मार्चला रक्त. अमेरिकेसाठी रक्त काढल्यापासून निदान २८ दिवस, म्हणजे ३१ मार्चच्या आधी तिथे पोचता येत नाही. युके-युरोपसाठी रक्त काढल्यापासून तीन महिने, म्हणजे ३ जून, तोपर्यंत इथे पावसाळा दारात. हे झालं कागदावरचं गणित. प्रत्यक्षात सॅम्पल लॅबपर्यंत जायला वेळ, रिपोर्टला काही आठवडे, आणि पहिल्यांदाच लस घेतलेल्या कुत्र्याचा आकडा कधीकधी कमी येतो, मग परत लस, परत रक्त, परत थांबा. म्हणून अमेरिकेला तीन-चार महिने आणि युरोपला पाच-सहा महिने धरा, आणि टायटर पास झाल्याशिवाय तिकीट काढू नका, कितीही स्वस्त दिसत असलं तरी. पुढची रेबीजची लस तारखेच्या एक दिवस जरी पुढे गेली तरी आधीची सगळी साखळी तुटू शकते, ती तारीख फोनमध्ये अलार्म लावून ठेवा.

लॅब त्या देशाच्या मान्य यादीत आहे ना ते रक्त काढायच्या आधी बघायचं. रिपोर्ट लॅबकडून थेट आलेला बघायचा, कुणीतरी व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड केलेला फोटो नाही.

आता मुख्य मुद्दा, राहणार कुठे. बिल्डिंगखालीच राहू दे, फ्लाइटच्या आदल्या दिवशी उचलू, हे डोक्यातून काढा. रस्त्यावरच्या कुत्र्याला चिप टाकली म्हणून तो पाळीव होत नाही, मधल्या महिन्यांत तो दुसऱ्या गल्लीत जाईल, गाडीखाली येईल, कुणाला चावेल आणि मग दहा दिवस निरीक्षणाखाली ठेवा, तक्रारी निस्तरा. आणि तो एकदा घरात, गाडीत, पट्ट्यावर राहायला शिकला नाही तर तिकडे गेल्यावर पहिल्याच दिवशी पळून जातो. परदेशातले अर्धे रडगाणे मेसेज 'तो पळाला' याचेच असतात. तेव्हा पहिल्या दिवसापासून घर पाहिजे. बोर्डिंगमध्ये ठेवता येतो पण चार महिने केनेलमध्ये राहिलेला कुत्रा केनेलचाच होतो, त्याला ना कुकरच्या शिट्टीची सवय ना मिक्सरची, आणि महिन्याचं भाडं वेगळं. ओळखीतलं फॉस्टर घर सगळ्यात उत्तम.

आणि ते शोधायला ठाण्यात सगळ्यात जास्त वेळ जातो. वन बीएचके, घरात सासू-सासरे, दोघं नोकरीला, शेजारी नाक मुरडणारे. कुणी तयार झालंच तर सोसायटी. सेक्रेटरी म्हणतो आमच्याकडे कुत्र्याला बंदी आहे, लिफ्टमधून न्यायचा नाही. असं ठरवायचा अधिकार सोसायटीला नाही, ॲनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५ च्या गाइडलाइन्समध्ये हे साफ लिहिलंय, जनरल बॉडीत ठराव केला तरी नाही. प्रिंट काढून द्या, पण हसून द्या. भांडण जिंकून उपयोग नाही, वॉचमनने आणि तळमजल्यावरच्या आजींनी त्या कुत्र्याला महिनोन्महिने सहन करायचंय. महापालिकेचं कुत्र्याचं लायसन्स काढून ठेवा, ठाणे असो की नवी मुंबई, तो कागद असला की अर्धे आवाज बंद होतात. तसंच सुप्रीम कोर्टाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात म्हटलंय की ॲडॉप्ट केलेला कुत्रा परत रस्त्यावर जाणार नाही ही जबाबदारी घेणाऱ्याची. तो आदेश दिल्लीच्या प्रकरणातला होता आणि त्यातच प्रकरणाची व्याप्ती देशभर वाढवली, पण नियम बाजूला ठेवा, माणुसकी म्हणूनही तेच बरोबर आहे. म्हणजे परदेशवाल्याने मधेच हात वर केले तर हा कुत्रा कुणाचा, हे पहिल्याच दिवशी लिहून घ्या. घेणाऱ्याची नोकरी जाते, घरमालक नाही म्हणतो, ब्रेकअप होतो, सगळं होतं. तेव्हा फॉस्टर त्याला कायमचा ठेवेल का, की इथेच दुसरं घर बघायचं, ते नाव ठरलेलं पाहिजे.

फॉस्टरला घेणाऱ्याने नीट पैसे द्यायचे, आणि मागायला लावायचे नाहीत. खाणं, गोचिडाची गोळी, डॉक्टर, एखादी कुरतडलेली चप्पल. दर महिन्याला ठरलेल्या तारखेला. लोक विमानाचं तिकीट काढायला तयार असतात पण फॉस्टरच्या चिकन-भाताचे पैसे विचारले की मेसेज 'सीन' होऊन पडून राहतो, हे मला अजिबात आवडत नाही.

या महिन्यांत शिकवायचं काय? फार नाही. पट्ट्यावर चालणं, आणि पट्टा म्हणजे एक गळ्यात आणि एक हार्नेसला, दोन्ही, कारण घाबरलेला देशी कुत्रा उलटा मागे सरकून साधा पट्टा क्षणात काढतो. रिक्षात आणि गाडीत बसणं. लिफ्ट. एकटं राहणं, आधी पाच मिनिटं मग वाढवत जायचं. शू-शी बाहेर, जी बहुतेक देशी कुत्रे आपणहून लवकर शिकतात, त्यांना झोपायच्या जागी घाण करणं मुळातच आवडत नाही. मोकळा कुठेही सोडायचा नाही, उपवनला नाही आणि येऊरला तर नाहीच, तिथे बिबटे आहेत. दिवाळीचे फटाके किंवा गणपतीचे ढोल मधे येत असतील तर त्या दिवसांत दारं-खिडक्या बंद, संध्याकाळची फेरी उजेडात उरकायची.

कुत्रा निवडायचा कसा हे खरं तर आधी सांगायला हवं होतं, असो. प्रत्येक कुत्रा पाठवायचा नसतो. गल्लीत सात-आठ वर्षं राहिलेला, पोट भरलेला, चहाच्या टपरीखाली ज्याची जागा ठरलेली आहे आणि वॉचमन काका ज्याच्याशी बोलतो, त्याला तिकडच्या सहाव्या मजल्यावर कोंडून त्याचं काय भलं होणार आहे. पाठवायचा तो ज्याला रस्ता जमतच नाही. अपघातात पाय गेलेला, लोकांनी पाळून सोडून दिलेला, माणसाला चिकटणारा आणि बाकी कुत्र्यांकडून मार खाणारा. तीन पायांचे कुत्रे छान जगतात, त्याची काळजी करू नका. वय एक ते तीनच्या मधलं मला बरं वाटतं, पिल्लू गोड असतं पण मोठं झाल्यावर कसं निघेल ते कुणालाच सांगता येत नाही. घेणाऱ्यांनी फोटोवर जाऊ नये, व्हिडिओ मागावा, आणि झोपलेल्याचा नाही, बेल वाजल्यावर काय करतो, लहान मूल आलं की काय करतो, जेवताना कुणी जवळ गेलं की काय करतो, त्याचा. आणि इथल्या लोकांनी खरं सांगावं. 'थोडा लाजरा आहे' असं लिहून प्रत्यक्षात पुरुष माणूस दिसला की पलंगाखाली घुसणारा कुत्रा पाठवू नका. देशी कुत्रा राखण करतो, भुंकतो, अनोळखी माणसाला पटकन जवळ करत नाही, हेही सांगा.

तब्येतीचं. गोचिडातून होणारे ताप आपल्याकडे घरोघरी, म्हणजे एहर्लिकिया आणि बबेसिया, वरून कुत्रा ठणठणीत दिसतो आणि प्लेटलेट्स खाली गेलेल्या असतात, त्याचं रक्त तपासून घ्या आणि पावसाळ्यात गोचिडाचं औषध एकही महिना चुकवू नका. हार्टवर्म म्हणजे हृदयातले जंत तपासा. युकेला जाणार असेल तर ब्रुसेला कॅनिस या जंतुसंसर्गाची टेस्ट करून घ्या, तिथले डॉक्टर हल्ली बाहेरून आलेल्या कुत्र्यांच्या बाबतीत ती हमखास विचारतात. नसबंदी न झालेल्या रस्त्यावरच्या कुत्र्यांमध्ये टीव्हीटी नावाची एक गाठ होते, एकमेकांच्या संपर्कातून पसरते, व्हिनक्रिस्टिनच्या इंजेक्शनांनी बहुतेकदा पूर्ण बरी होते, पण ती पूर्ण जाईपर्यंत पाठवायची घाई नको. डिस्टेंपर, पार्व्हो, लेप्टोच्या लसी वेळेत. मोठं काही निघालं तर परळला, बैलघोडा हॉस्पिटल आहे, व्हेटर्नरी कॉलेज आहे, लांब पडतं पण नेता येतं. आणि कानाचा तो कट कशाचा हे तिकडच्या डॉक्टरला एका ओळीत लिहून द्या, नाहीतर ते जखम समजून विचारत बसतात.

क्रेट म्हणजे पिंजरा लवकर घ्या, टायटरचं रक्त काढलं की लगेच. विमानवाले आयएटीएचा म्हणजे एअरलाइन्सच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा नियम लावतात. कुत्र्याला आत सरळ उभं राहता आलं पाहिजे, वळता आणि पाय पसरून झोपता आलं पाहिजे. मापाची रीत अशी आहे की नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंतची लांबी अधिक पुढच्या पायाच्या उंचीच्या निम्मी, एवढी क्रेटची लांबी. खांद्यांची रुंदी गुणिले दोन ही रुंदी. उभा असताना कानाच्या टोकापर्यंत जेवढा उंच त्यात अंथरूणाची जाडी मिळवली की उंची. देशी कुत्र्याचे कान उभे असतात, लोक डोक्यापर्यंत मोजतात आणि काउंटरवर अडतात. चारही बाजूंना हवा, क्लिपांऐवजी धातूचे नट-बोल्ट, दाराला आतून अडकवलेली पाण्याची आणि खाण्याची वाटी जी दार न उघडता बाहेरून भरता येईल. आपले कुत्रे पंधरा-वीस किलोचे, केबिनमध्ये जायचा प्रश्नच नाही. एक बरं आहे, पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांवर जी बंधनं असतात ती यांना लागत नाहीत, लांब नाकाचा इथे फायदा.

क्रेट हॉलमध्ये दार काढून ठेवा आणि जेवण त्यातच द्या. पहिल्या आठवड्यात फक्त तोंड घालेल. मग अर्धा. महिनाभरात दुपारची झोप तिथे काढायला लागला की दार लावायचं, थोडा वेळ, मग रात्रभर. तो स्वतःहून जाऊन झोपतो तो दिवस आला की निम्मी लढाई जिंकली. गुंगीचं औषध देऊ नका. एअरलाइन्स घेत नाहीत आणि उंचीवर श्वास आणि ब्लडप्रेशर बिघडायची भीती असते, ज्या डॉक्टरने सहज लिहून दिलं त्याला परत विचारा.

शेवटच्या दहा दिवसांत पळापळ असते. व्हेटचं हेल्थ सर्टिफिकेट, त्यावरून एक्यूसीएसच्या मुंबई ऑफिसचं एक्स्पोर्ट सर्टिफिकेट, त्याची अपॉइंटमेंट आधी घ्या, कुत्रा आणि सगळे ओरिजिनल कागद घेऊन जा. युके-युरोपचं हेल्थ सर्टिफिकेट पोचायच्या आधीच्या दहा दिवसांतलंच लागतं. युके, आयर्लंड, फिनलंड, माल्टाला टेपवर्मचं म्हणजे पोटातल्या चपट्या जंताचं औषध पोचायच्या २४ ते १२० तास आधी डॉक्टरच्या हातून द्यायचं आणि वेळेसकट लिहून घ्यायचं. प्रत्येक कागदावरचा चिप नंबर एकमेकांशी आकडा आकडा लावून बघा, दोन माणसांनी, एकाने मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने टिक करायचा. एक आकडा इकडचा तिकडे झाला तर तिकडच्या अधिकाऱ्यासाठी तो वेगळाच कुत्रा.

अमेरिकेला कुणी जाणारं सोबत न्यायला तयार असेल, ऑगस्टमध्ये शिकायला जाणारी मुलं असतात, तर कार्गोपेक्षा बरंच स्वस्त पडतं, पण त्या मुलाच्या आईवडलांना सगळं समजावून सांगा आणि जास्तीच्या सामानासारखा खर्च, उतरल्यावरचं सगळं, घेणाऱ्याने भरायचं. कार्गोने काही लाखांपर्यंत जातं. एजंट लावलात तर कोटेशन लेखी घ्या, त्यात क्रेट, एक्यूसीएस, एअरलाइन, तिकडचं क्लिअरन्स काय काय धरलंय ते वेगवेगळं. आणि आधी डिपॉझिट जीपे करा मग कुत्रा दाखवतो म्हणणाऱ्याला ब्लॉक करा, व्हिडिओ कॉलवर कुत्र्याच्या मानेवर स्कॅनर फिरवून नंबर दाखवा म्हणायचं, खरा माणूस दोन मिनिटांत दाखवतो.

उलव्याचं नवीन विमानतळ नवी मुंबईकरांना जवळ म्हणून तिथूनच जाईल असं धरू नका, जनावर कुठून घेतात ते एअरलाइनलाच विचारा. एप्रिल-मे शक्यतो टाळा, उन्हात काही एअरलाइन्स जनावरं घेतच नाहीत. फ्लाइट बहुतेक मध्यरात्रीनंतरची असते, घोडबंदरहून संध्याकाळी निघालात तर ट्रॅफिकमध्येच कुत्र्याचा जीव जाईल, थांबायची जागा शोधा आणि लवकर पोचा. शेवटचं जेवण हलकं, निघायच्या चार-पाच तास आधी. लांब फेरी मारून आणा, शू-शी होऊ द्या. वाटीत पाण्याचा बर्फ करून लावा, हळूहळू वितळतो, सांडत नाही. आत फॉस्टरचा न धुतलेला टीशर्ट. पंजे आणि अंग मात्र स्वच्छ, अमेरिकेला चिखल चालत नाही, आपल्याकडच्या गुरांच्या लाळ्या-खुरकुताची त्यांना धास्ती असते. क्रेटवर नाव, चिप नंबर, दोन्हीकडचे फोन नंबर, आणि 'चावत नाही पण घाबरलेला आहे, दार उघडू नका' हे इंग्रजीत ठळक.

घेणाऱ्यांसाठी. विमानतळाच्या पार्किंगमध्ये क्रेट उघडायची नाही. कितीही रडू दे, कितीही लाड येऊ देत. गाडीत बसा, घरी जा, घराचं दार लावा, मग उघडा, आणि उघडताना दोन्ही पट्टे हातात. पहिले काही दिवस तो खाणार नाही, एका कोपऱ्यात बसेल, त्याला बसू दे, घरी पाहुणे बोलवून दाखवू नका. पहिल्या दिवसापासून तिकडचं महागडं खाणं देऊ नका, जुलाब लागतील, चिकन-भातावरून आठवडाभरात हळूहळू बदला. थंडीत अंगात जॅकेट घालून द्या, यांची लव बारीक असते. पहिले काही महिने जीपीएस टॅग गळ्यात, कुंपण असलेल्या अंगणातही पट्टा, देशी कुत्रा पाच फुटी कुंपण सहज चढतो. फॉस्टरला पहिल्या आठवड्यात रोज एक व्हिडिओ पाठवा, इकडे एक घर झोपलेलं नसतं. आणि चिप नंबर त्या देशाच्या रजिस्ट्रीत तुमच्या नावावर आणि तिकडच्या फोन नंबरवर लगेच नोंदवा, इथल्या कार्डावर अजून ठाण्याचाच नंबर असतो.